चौथी स्लेज

पायांना स्की लावून बर्फावरून सामान ओढायचं असेल तर स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, निवडताना पहिला प्रश्न लांबी-रुंदीचा नसतो. पहिला प्रश्न असा, की तिच्यावर काय काय घालणार. दुसरा, ती कोण ओढणार. दांड्या, पट्टे, दोऱ्या हे सगळं त्यानंतर येतं. मी यादी करणारी बाई आहे. रजेची, औषधांची, फ्रीजमधल्या डब्यांची, सगळ्याची माझ्याकडे यादी असते. तरीही हे दोन प्रश्न मी त्या वर्षी शेवटी घेतले. इंग्लंडमध्ये आल्यापासून नवऱ्याच्या किंवा इथल्या मराठी मंडळाच्या ओळखीशिवाय, माझी मी मिळवलेली एकच मैत्रीण होती. तिला मी स्कॉटलंडमधल्या चार दिवसांत गमावलं. 

ती आमच्या बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर होती, मी फार्मसिस्ट. सलाइनचे पंप बिघडले की ती यायची, औषधांचा फ्रीज गरम झाला की ती यायची. मूळची नागपूरची. मध्ये दोन वर्षं स्वीडनमध्ये मशीनच्या एका कंपनीत काढलेली. स्की आणि स्लेज ती तिथे शिकली, कारण शनिवारी तिचं सगळं ऑफिस जंगलात जायचं आणि घरी एकटं बसून करायचं काय. आमची ओळख लंचच्या वेळी झाली. तिच्या डब्यात लालभडक तर्रीचं काहीतरी होतं, माझ्या डब्यात बटाट्याच्या काचऱ्या. तिने माझ्या डब्यात डोकावून विचारलं, "पेशंटचा डबा आहे का हा?" तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार आम्ही बरोबर जेवायचो. चार वर्षं.

तिचं आडनाव ऐकलं की आमच्या मंडळातली माणसं क्षणभर थांबायची आणि मग गोड आवाजात विचारायची, "म्हणजे मूळ गाव कुठलं?" तिच्या दिवाणखान्यात निळ्या सुटातला तो फोटो होता, आपल्याकडे ज्याची ओळख कुणालाच करून द्यावी लागत नाही. माझ्या घरी असल्या गोष्टींनी काही फरक पडत नाही, असं मी समजत होते.

नॉर्वेची कल्पना सरांची. सर म्हणजे माझ्या नवऱ्याचे या देशातले पहिले बॉस. आतड्यांचे सर्जन, नुकतेच रिटायर झालेले. नवऱ्याला पहिली नोकरी त्यांनी मिळवून दिली होती, त्यामुळे आमच्या घरात सरांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. सर म्हणाले, आपलं सामान आपण ओढत नॉर्वेचं एक पठार पार करायचं, पण आधी फेब्रुवारीत स्कॉटलंडमध्ये चार दिवस सराव. नवरा हो म्हणाला. मी मिल्टन कीन्सला छताखालच्या बर्फावर धडे घेऊन जेमतेम उभी राहायला शिकले होते, मीही हो म्हणाले. स्लेजमधलं आम्हा तिघांना काहीही कळत नव्हतं. म्हणून मी तिला विचारलं.

आमच्या माणसांबरोबर जायचं म्हटल्यावर ती जरा अडली. मंडळाच्या गणपतीला ती एकदाच आली होती. मोदकांच्या ताटाकडे गेली तर एका काकूंनी, "अगं, तू पाहुणी, तू नको," म्हणून ताट हातातून घेतलं आणि तासाभराने त्याच काकूंनी तिला वापरलेल्या प्लेटा गोळा करायला काळी पिशवी दिली. हे ती हसत सांगायची. "पाहुणीला उष्ट्या प्लेटा! काय मान बाप्पा तुमच्यात!" परत मात्र ती कधी मंडळात आली नाही.

"येते मी," ती शेवटी म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. कामाची यादी तू करायची आणि सगळ्यांना सगळं यायला पाहिजे. मी मदतनीस म्हणून नाही येऊन राहिली."

"काळजीच करू नकोस," मी म्हणाले. यादी म्हणजे माझं राज्य.

सरांना कॅटलॉगमधल्या लाल, फायबरग्लासच्या तयार स्लेज हव्या होत्या. तिने त्या नको म्हटलं. चार दिवसांसाठी मुलांच्या घसरायच्या लांब प्लास्टिकच्या स्लेज पुरतात, फक्त बघून घ्यायच्या. प्लास्टिक जाड हवं, पातळ असेल तर थंडीत तडकतं. कडा उंच हव्यात, नाहीतर आडव्या उतारावर सामान बाहेर येतं. नाक वर वळलेलं हवं, नाहीतर स्लेज बर्फावर चढायच्याऐवजी बर्फात घुसते. आम्ही दोघी एका गार्डन सेंटरमध्ये गेलो. तिथे ती फरशीवरच स्लेजमध्ये दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि डावीकडे-उजवीकडे झुलून बघायला लागली. काउंटरवरची बाई म्हणाली, "सहसा हे मुलं करतात, लव्ह." ती म्हणाली, "मुलं ऐंशी किलोची नसतात ना." आम्ही चार स्लेज घेतल्या, एकसारख्या निळ्या.

बांधणी तिच्या गॅरेजमध्ये झाली, तीन रविवार. सरांचा आग्रह दोरीचा होता. पूर्वी लोक दोरीनेच ओढायचे, दांड्यांची भानगड कशाला.

"सर, चढावर दोरी चालते," ती म्हणाली. "उतारावर स्लेज तुमच्या मागे नसते. तुमच्या टाचेत असते."

"माझा तोल चांगला आहे गं."

तिने वाळूच्या दोन पिशव्या स्लेजमध्ये घातल्या, दोरी सरांच्या हातात दिली आणि त्यांना गॅरेजसमोरच्या उतारावरून चालायला लावलं. चौथ्या पावलाला स्लेज त्यांच्या बुटावर आदळली.

"पटलं?"

"पटलं, पटलं."

मग दांड्या. भिंतीतून विजेच्या तारा न्यायला वापरतात त्या प्लास्टिकच्या नळ्या घ्यायच्या, त्यांच्यात फायबरग्लासच्या सळया सरकवायच्या, म्हणजे दांडी वाकते पण मोडत नाही. दोन्ही दांड्या मध्ये फुलीसारख्या ओलांडून घ्यायच्या. त्यामुळे आपण कंबर जिकडे वळवू तिकडे स्लेज वळते. स्लेजच्या कडेला भोकं पाडायची, पण फार काठाला नाही, नाहीतर फाटतात. त्यांतून दोरी ओवून सगळीकडून फास तयार ठेवायचे. मागच्या बाजूला तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन छोट्या पट्ट्या उभ्या बसवायच्या, म्हणजे आडव्या उतारावर स्लेजचं बूड खाली घसरत नाही. जड सामान खाली, मधोमध, किंचित मागे. वर मऊ सामान, त्यावर ताडपत्री, त्यावर रबरी दोरी आडवी-तिडवी. हे सगळं ती बोलत गेली आणि मी लिहून घेत गेले. कमरेचे पट्टे जुन्या रकसॅकचे होते. त्यांना तिने असे हूक लावले की कुठलाही पट्टा कुणाच्याही कमरेला बसावा आणि कुठल्याही स्लेजला लागावा.

"ज्याला जी येईल ती," ती म्हणाली. "चारी बैलांना चारी गाड्या."

गवतावर ओढून बघितलं तेव्हा कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा थांबून म्हणाला, "बर्फ विसरलात वाटतं." चौघंही हसलो. इतकं चांगलं चाललं होतं.

यादीप्रमाणे पहिल्या स्लेजवर तंबू, दुसरीवर अन्न, तिसरीवर झोपायच्या पिशव्या, चौथीवर स्टोव्हचं इंधन आणि दुरुस्तीचं सामान. अन्न आणि इंधन एका स्लेजवर कधीच नाही, हा तिचा नियम. स्लेज रोज बदलायच्या, हा माझा नियम. सरांनी प्रेशर कुकर आणला होता, तो मी व्हॅनमध्येच ठेवायला लावला. चिवड्याचे पाच डबे मात्र आले.

केर्नगॉर्म डोंगराच्या पायथ्याशी व्हॅन लावून आम्ही तिथली देखरेख करणाऱ्या रेंजरच्या ऑफिसात नाव नोंदवायला गेलो, तेव्हा त्याने आमच्यासमोर फिरकीच्या झाकणाचा एक करडा प्लास्टिकचा डबा ठेवला. बादलीएवढा. सोबत पिशव्यांची गुंडाळी आणि मांजराच्या शीच्या खोक्यात घालतात ती माती. डोंगरावर माणसं घाण करून येतात आणि बर्फ वितळला की ती ओढ्यात जाते, म्हणून प्रत्येकाने आपली घाण बांधून परत आणायची. "वर जे कराल ते खाली आणा," तो हसून म्हणाला. खाली आल्यावर ती कुठे ओतायची ती जागाही त्याने दाखवली.

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. नियम योग्यच होता. कार पार्कमध्ये मी यादीच्या तळाशी एक ओळ वाढवली: डबा, चौथ्या स्लेजवर, मागे. पाळ्या आधीच ठरवल्या होत्या, चौथी स्लेज पहिल्या दिवशी नवऱ्याकडे, दुसऱ्या दिवशी सरांकडे, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे, चौथ्या दिवशी तिच्याकडे. नवऱ्याला पहिला दिवस दिला होता, कारण तो कुरकुर करतो. आता पहिल्या दिवशी डबा रिकामा असणार, हे माझ्या लक्षात आलं. पाळ्या बदलाव्यात असं मात्र मला सुचलं नाही.

तिने यादी वाचली आणि भुवई वर केली. "काठोकाठ भरलेला माझ्याकडे."

"कुणाकडे तरी येणारच ना गं."

"येऊ दे की. यादीत आहे तोवर मला काही नाही."

पहिला दिवस छान गेला. दांड्यांनी काम केलं, कुणाच्या टाचेला स्लेज लागली नाही, सर गाणं गुणगुणत होते. संध्याकाळी तंबूमागे बर्फाची भिंत रचून आडोसा केला. पिशवी, माती, गाठ, डबा, झाकण, हातांना जेल. माणसाला एवढं जमायला हरकत नाही. पण सर आणि माझा नवरा झाकण नुसतं वर ठेवून यायचे. फिरवून घट्ट करायला दोन्ही हातांनी डबा धरावा लागतो, ते त्यांना नको होतं. दोघेही डॉक्टर. दर वेळी ती जाऊन झाकण फिरवून यायची. हे यादीत नव्हतं. मी ते बघितलं आणि यादीत घातलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी चौथ्या स्लेजचा पट्टा बांधला, पण डबा स्लेजवर बांधताना बोटांच्या टोकांनी बांधला. दोन किलोमीटरवर आडवा उतार लागला. स्लेज कलली, पट्टे सुटले, डबा घरंगळत खाली गेला आणि झुडपांच्या एका पुंजक्याला अडकून थांबला. झाकण शाबूत होतं, कारण ते तिने लावलं होतं.

सर जागचे हलले नाहीत.

"सर, घेऊन या ना," ती म्हणाली.

"मी?"

"तुमची पाळी आहे."

"अगं, मला हे असलं..."

"तीस वर्षं आतड्यांत हात घालून काम केलंत तुम्ही."

"ते वेगळं गं. तिथे ग्लोव्ह्ज असतात."

"मग आत्ता हातात काय आहे?"

सरांच्या हातात कोपरापर्यंत येणारे जाडजूड ग्लोव्ह्ज होते. त्यांनी त्यांच्याकडे बघितलं, हसले आणि तरीही उभेच राहिले. माझा नवरा नकाशात डोकं घालून बसला होता. मी काठीच्या पट्ट्याशी काहीतरी करत होते. पट्टा व्यवस्थित होता.

शेवटी तीच स्की आडव्या टाकत खाली गेली आणि डबा उचलून घेऊन आली.

"असू दे आता तिच्याच स्लेजवर," नवरा नकाशातून म्हणाला. "तिचा बॅलन्स चांगला आहे. आणि तिला त्याचं काही वाटत नाही."

तिला त्याचं काही वाटत नाही. हे मी ऐकलं. ती तीन पावलांवर होती, तिनेही ऐकलं. माझ्या गळ्यात दोरीला पेन्सिल होती आणि खिशात प्लास्टिकच्या पाकिटात यादी. मी यादी बाहेर काढली, सरांपुढचा डबा खोडला आणि तिच्यापुढे लिहिला. चौथी स्लेज तिच्या कमरेला लागली, तिच्याकडची तंबूची सरांना मिळाली. मला तेव्हा हायसं वाटलं, वाद मिटला म्हणून. याची मला आता सगळ्यात जास्त शिसारी येते. यादीत खाडाखोड झाली की मला त्रास होतो, पण त्या खाडाखोडीचा झाला नाही.

तिसरा दिवस माझा होता. सकाळी मी नकाशा बघितला. वाटेत लांबच्या लांब आडवा उतार होता. मी चौघांत सगळ्यात कच्ची. ती सगळ्यात पक्की. डबा आता जड झालेला आणि माझ्या हातून स्लेज कलंडली तर सगळंच बाहेर. एकेक मुद्दा खरा होता. मी यादी परत लिहिली आणि तिला दाखवली.

तिने ती दोनदा वाचली. "टेक्निकली बरोबर आहे," ती म्हणाली.

"उद्या मी घेते. नक्की."

"उद्या माझाच दिवस आहे."

"मग अदलाबदल करू ना. उद्याचा माझा."

खाली बसून तिने डब्याचे पट्टे ओढून घट्ट केले, झाकण तपासलं आणि निघाली. दिवसभर ती आमच्या पुढे होती. आडव्या उतारावर तिची स्लेज रुळावरून गेल्यासारखी गेली. सर मला म्हणाले, "बघ, तुझा निर्णय बरोबर होता." मला बरं वाटलं.

दुपारी चारला आम्ही तंबू लावला. स्टोव्ह लहरी होता आणि तो तिच्याच हाताने पेटायचा, म्हणून रोजचा चहा ती करायची. त्या दिवशी ती स्टोव्हकडे वळली तर सर म्हणाले, "आज तू राहू दे."

"का?"

"तू तो डबा ओढलायस दिवसभर. हायजीन गं, दुसरं काही नाही."

"कालपण ओढला होता. काल माझा चहा प्यायलात."

"काल लक्षात नाही आलं."

हे बोलताना सरांचा हात चिवड्याच्या डब्यात होता. झाकण अर्धवट ठेवून येणारा हात. मी फार्मसिस्ट आहे. हातावर काय राहतं आणि कशाने जातं, हे मी पोटापाण्यासाठी शिकलेय. बंद डबा, त्यावर ताडपत्री, हातात ग्लोव्ह्ज, वर जेल. तिचे हात आमच्या तिघांपेक्षा स्वच्छ होते. हे एक वाक्य बोलायला मला पाच सेकंद लागले असते. मी म्हणाले, "दे, आज मी करते."

तिने स्टोव्ह पेटवून दिला आणि बाजूला झाली. तेवढं चाललं सरांना.

चहा झाला. चार मग फळीवर ठेवले होते. बोटं गारठलेली, म्हणून मी पातेल्याची कड मगाला टेकवून ओतत होते, म्हणजे सांडत नाही. सरांच्या मगाला टेकवली. नवऱ्याच्या मगाला टेकवली. माझ्या मगाला टेकवली. तिने आपला मग हातात उचलून पुढे धरला आणि माझा हात वर गेला. वीतभर. चहाची धार वरून तिच्या मगात पडली, अर्धी तिच्या ग्लोव्हवर.

मी तसं ठरवलं नव्हतं. पुण्याला आमच्या मागच्या दारी संडास धुणारी बाई यायची, तिचा कप कोनाड्यात वेगळा असायचा आणि आई त्यात असाच वरून चहा ओतायची. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त बघितलं होतं. हाताने ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

तिने ग्लोव्हकडे बघितलं, मग पातेल्याकडे, मग माझ्याकडे.

"टेकव की," ती म्हणाली.

"नाही, ते... तुझा मग खराब होता जरा."

"चौघांचे मग एकत्रच धुतलेत. तूच धुतलेस."

सर म्हणाले, "अरे, चहा गार होतोय," आणि नवरा म्हणाला की उद्या हवा चांगली आहे. चहा पिऊन तिने आपला मग स्वतः बर्फाने घासून ठेवला आणि ती तंबूत गेली.

सकाळी मी बाहेर आले तेव्हा ती निघायच्या तयारीत उभी होती. तंबूतलं तिचं सामान, जेवणाचं सामान, सगळं नीट बांधलेलं. फक्त माझ्या कालच्या स्लेजचा पट्टा तिच्या कमरेला होता. चौथी स्लेज, डब्यासकट, तिने माझ्या स्कीपुढे आणून ठेवली होती.

"आज यादीप्रमाणे माझा दिवस आहे," ती म्हणाली. "मी ओढलाही असता. पण कालचा तुझा होता, परवाचा सरांचा. माझे दोन झाले, जास्तीचे. तू तुझा घे."

"मी घेणारच होते. बोलले होते ना तुला."

"मग घे."

"अगं, एवढं काय..." सरांनी सुरुवात केली.

"सर, तुमच्याशी नाही बोलत मी," ती म्हणाली. आवाज अजिबात न चढवता. आमच्यापैकी कुणीही सरांशी असं कधी बोललं नव्हतं. ती निघाली. सोडून गेली नाही. प्रत्येक वळणावर दिसेल अशी थांबायची आणि आम्ही दिसलो की पुढे जायची.

मी पट्टा बांधला आणि ओढायला लागले. नवरा म्हणाला, "मी मागून धरू?" मी म्हटलं, "धर." त्याने दहा मिनिटं धरली. मग म्हणाला की त्याच्या स्लेजला त्रास होतोय. उतार सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की आज सकाळी झाकण कुणी घट्ट केलेलं नाही. ते रोज आपोआप व्हायचं. वास येतच होता. एका वळणावर मी पडले, स्लेज माझ्यावरून कलंडली, झाकण उडालं आणि बर्फावर पिशव्या पडल्या. दोन शाबूत होत्या. एक फुटली होती.

मी वर बघितलं. दोघे पुरुष वीस पावलांवर उभे होते. नवऱ्याने तोंड फिरवलं होतं.

"त्यावर बर्फ ढकल," सर वरून ओरडले. "कोण बघतंय?"

मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी सगळं गोळा केलं. बर्फासकट, मातीसकट. एकदा ओकले, तेही गोळा केलं. आमच्या चौघांचं होतं ते. कुणाचं कुठलं हे ओळखायची काही सोय नव्हती. मग दोन्ही हातांनी डबा धरून झाकण फिरवलं. त्याला फार जोर लागत नाही. एवढंसं काम होतं ते, आणि दोन मोठे डॉक्टर ते तीन दिवस टाळत होते आणि मी ते टाळताना त्यांना बघत होते. ते ग्लोव्ह्ज मी टाकून दिले. हातांना दोन दिवस वास येत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

खाली डबा मीच ओतला, पाइपने मीच धुतला. ती व्हॅनच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. खरं सांगायचं तर मी मुद्दाम तिला दिसेल अशी उभी राहून धूत होते. तिने बघावं असं मला वाटत होतं. तिने बघितलं.

"टाळ्या वाजवू का?" तिने विचारलं.

रेंजर रेल्वे स्टेशनकडे निघाला होता. ती त्याच्या गाडीतून गेली आणि ट्रेनने घरी. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये सर म्हणाले, "तशी मुलगी चांगली आहे. जरा सेन्सिटिव्ह आहे, एवढंच." मागे चिवड्याचा शेवटचा डबा फिरत होता. मी खिडकी उघडली आणि नवऱ्याने बंद कर म्हटलं तरी उघडीच ठेवली. यापलीकडे मी काही केलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती जेवायला आली नाही. शुक्रवारीही नाही. मग मी माझ्या पद्धतीने बसले आणि माफीचं पत्र लिहिलं, मुद्द्यांना आकडे घालून. एक, मी चहा वरून ओतला. दोन, मी यादी बदलली. तीन, नवरा बोलला तेव्हा मी गप्प बसले. असे अकरा मुद्दे. ते घेऊन तळमजल्यावर तिच्या वर्कशॉपमध्ये गेले. ती एक पंप उघडून बसली होती. तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं.

"पहिले तीन बरोबर आहेत," ती म्हणाली. "बाकीचे तू तुझ्यासाठी लिहिलेस."

"रागावलीस ना?"

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "राग आला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "राग मला पुष्कळांचा येतो आणि जातो. सर मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तुझा नवरापण. तू पातेलं वर उचललंस तेव्हा मला तुझी किळस आली गं. त्याचं काय करायचं ते मला कळून नाही राहिलं."

पंपाचा अलार्म वाजायला लागला. तिने तो बंद केला आणि परत स्क्रू घट्ट करू लागली. मी थोडा वेळ उभी राहिले. तिने मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

सरांचं नॉर्वे बारगळलं, त्यांचा गुडघा दुखायला लागला. ती मात्र पुढच्या हिवाळ्यात नॉर्वेला गेली, जुन्या स्वीडिश ऑफिसातल्या लोकांबरोबर. मला हे तिने सांगितलं नाही. ती निघायच्या आधी आमच्या डिपार्टमेंटमध्ये तिच्यासाठी शुभेच्छांचं एक कार्ड सह्यांसाठी फिरत आलं, मुखपृष्ठावर स्कीवरचा पेंग्विन. मी ते दोन दिवस माझ्या टेबलावर ठेवून घेतलं. कच्च्या कागदावर दोन-तीन मजकूर लिहून बघितले आणि खोडले. तिसऱ्या दिवशी रेडिओलॉजीतून फोन आला की कार्ड कुठे अडकलंय. मग बाकीच्यांनी लिहिलं होतं तेच मी लिहिलं, गुड लक, आणि खाली सही करून पुढे पाठवलं.